मदत हवी आहे: दुपार झाली की कॉम्प्युटर मान टाकतो, सीपीयू ९८ अंशांवर

हिशेबवाली (१८ एप्रिल, रात्री)

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज अगदीच अडलंय म्हणून लिहितेय. तांत्रिक शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

घरी असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, २०२१ मध्ये घेतलेला. प्रोसेसर (सीपीयू) इंटेल आय५ १०४००, त्याच्या खोक्यात आला तोच पंखा, १६ जीबी रॅम, एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मी सोलापुरात घरूनच आठ-दहा कारखानदारांचे हिशेब आणि जीएसटीचं काम बघते. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे कारखाना म्हणजे यंत्रमागाची शेड. चिमणीवाला नव्हे.) आमच्याच तळमजल्यावर चुलत सासऱ्यांचे टॉवेलचे माग आहेत, वरच्या खोलीत मी.

होळीपासून हा त्रास सुरू झाला. सकाळी सहा ते दहा मशीन गुणी बाळासारखं चालतं. बारा वाजले की पंख्याचा आवाज चढायला लागतो. दोनच्या सुमारास टॅलीत आकडा टाइप केला की दोन सेकंदांनी उमटतो, एक्सेल पांढरं पडतं आणि मग फट्कन सगळं बंद. लाईट गेलेली नसते, यूपीएस चालू असतो. लगेच चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर ‘सीपीयू ओव्हर टेंपरेचर एरर’ आणि खाली ‘एफ१ दाबा’.

इथल्याच एका जुन्या धाग्यात वाचून प्रोसेसरचं तापमान दाखवणारं कोअर टेंप टाकलं. काहीही न करता ६६-६८. टॅली, एक्सेल आणि ब्राउझर उघडला की ९८-१००. टास्क मॅनेजरमध्ये तेव्हाही सीपीयू १५-२० टक्क्यांच्या वर नसतो. व्हायरस स्कॅन केलं, काही सापडलं नाही. बाजूला टेबल फॅन लावला, तीन-चार अंशांचा फरक पडला. झाकणाच्या जाळीतून बघितलं तर आतला पंखा फिरतोय, म्हणजे तो गेलेला नाही.

एका दुकानातल्या मुलाला दाखवलं. त्याने पाच मिनिटं चालू करून बघितला आणि “मदरबोर्ड गेलाय, नवीन सेटच घ्या” म्हणाला. आतलं उघडलंसुद्धा नाही.

परवा २० तारीख आहे. सहा जणांचे ३बी (जीएसटीचे मासिक रिटर्न) माझ्याकडे बाकी आहेत. मदरबोर्ड खरंच गेलाय का? आणि दोन दिवस तरी हे मशीन कसं चालवू?

खटका

मदरबोर्ड गेला असता तर सकाळी सहाला बहुधा चालला नसता. दुकान बदला.

तीन गोष्टी सांगा. खोलीत दुपारी किती तापमान असतं? कॅबिनेट नेमका कुठे ठेवलाय? आणि शेवटचा आत कधी साफ केला?

हिशेबवाली

खोलीत भिंतीवरचं घड्याळ दुपारी ३८-३९ दाखवतं. वर पत्रा नाही, स्लॅब आहे, पण पश्चिमेची भिंत तापते. बाहेर ४२ च्या पुढे आहे सध्या.

कॅबिनेट टेबलाच्या खणात आहे, तो जो दार असलेला कप्पा असतो ना, त्यात. खालून सुताची कुसं उडत येतात म्हणून दार लावून ठेवते. आणि वरून-मागून एक जुनी चादर घातलेली असते, धूळ जाऊ नये म्हणून.

आत कधी साफ केला? कधीच नाही. बाहेरून रोज पुसते.

सातरस्ता

ताई, मी बी सोलापूरचाच. आपली चादर थंडीत पांघरायची असती की! प्रोसेसरला एप्रिलमध्ये कशाला घालताय? 😄

चेष्टा सोडा, पण आमच्या आत्याच्या घरी हेच झालतं. दोन वर्षांत त्या पंख्याखाली गादी तयार झालती. पंखा मजेत फिरतो, पण हवा खाली जातच नाही. तुमचं बी तेच असणार, लिहून ठेवा.

गेमिंगगुरू९९

स्टॉक कूलर (खोक्यात येतो तो पंखा) हा कचरा आहे. सरळ २४० एमएमचा लिक्विड कूलर टाका, विषय संपला. १०४०० जुना झाला, सोबत नवीन बोर्ड आणि प्रोसेसर बघून घ्या.

खटका

@गेमिंगगुरू९९: ताई टॅली चालवतात. ६५ वॉटचा प्रोसेसर आहे तो. बंद कपाटात लिक्विड कूलर ठेवला तरी तोही त्याच कोंडलेल्या हवेवर चालणार.

@हिशेबवाली: आधी आजची रात्र निभावू. आत्ता काहीही उघडू नका, २० तारखेच्या तोंडावर तर नकोच. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. तुमच्या प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’ सापडेल, त्याखाली ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’. तिथे १०० च्या जागी ९९ करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण ९९ केलं की टर्बो बंद होतो. तुमचा प्रोसेसर ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत उड्या मारतो, तो २.९ वर शांत बसेल. टॅलीला २.९ ढीग झाले.

आणि कॅबिनेट कपाटाबाहेर काढा. चादर तर आधी काढा.

निवृत्त फिटर

बाई, मी कॉम्प्युटरवाला नाही. तीस वर्षं मोटारी आणि पंपांत हात काळे केले आहेत. पण उष्णतेचं गणित सगळीकडे सारखंच, म्हणून लिहितो.

तुम्ही ६८ हा आकडा बघून घाबरलात. तो आकडा एकटा वाचू नका, त्यातून खोलीचं तापमान वजा करा. ६८ वजा ३८ म्हणजे ३०. मशीन रिकामं बसलेलं असताना खोलीपेक्षा ३० अंश वर, हे फार झालं. दहा-बारा चाललं असतं. सकाळी तुमची खोली २६-२७ ला असते, म्हणून तोच ३० चा फरक घेऊनही मशीन ५७ ला बसतं आणि तुम्हाला वाटतं सकाळी तब्येत बरी आहे. बिघाड चोवीस तास तोच आहे. दुपारी खोली बारा अंश वर जाते आणि काठावरचं भांडं उतू जातं, एवढंच.

आणखी एक. हवेवर चालणारा कोणताही कूलर वस्तूला खोलीच्या खाली नेऊ शकत नाही. तुमच्या खोलीत ३८ असेल तर ३८ हा तळ. टेबल फॅनने तीन-चारच अंश उतरले, त्याचं कारण मात्र वेगळं. तो बाहेरून वारा घालतोय आणि आडवा बसलाय तो आत कोंबलेला कापूस.

हिशेबवाली (१९ एप्रिल, दुपारी ३)

चमत्कार म्हणावा का? ९९ केलं, चादर काढली, कॅबिनेट खणातून काढून स्टुलावर ठेवला. आत्ता खोलीत ३८, टॅली-एक्सेल-ब्राउझर सगळं उघडं, आकडा ८४. एकदाही बंद पडला नाही. चार रिटर्न भरून झाले. उरलेल्या दोघांचे बँकेतले पैसे यायचेत, तो दोष कॉम्प्युटरचा नाही.

@निवृत्त फिटर काका, वजाबाकी इतकी उपयोगी पडेल असं हिशेबवालीला तुम्ही शिकवावं, हे आवडलं.

उद्या रात्री मोकळी झाले की उघडते. खाली माग साफ करायचा कॉम्प्रेसर आहे, त्याने हवा मारली तर चालेल का?

खटका

कॉम्प्रेसर नको. दाब जास्त असतो आणि नळीत पाणी साचलेलं असतं, ते फवारलं जाईल. रंगाचा नवा कोरडा दीड इंची ब्रश आणि हातातला छोटा ब्लोअर पुरे. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने भन्नाट फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं.

गादी जाड असेल तर कूलर काढावाच लागेल, आणि काढला की पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा मधला लेप) नवी लावावीच लागते. क्रम असा: वायर काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेला चार्ज जातो. पंख्याची चार तारांची वायर बोर्डवरून सोडवा. कूलरला चार कोपऱ्यांत काळ्या खुंट्या आहेत, वर बाण कोरलेला असतो. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढा. चारही सुटल्या की कूलर थोडा डावी-उजवीकडे हलवून उचला, झटका देऊ नका. ह्या इंटेलमध्ये प्रोसेसर लोखंडी चौकटीत अडकलेला असतो, त्यामुळे कूलरबरोबर उपटून येत नाही. जुन्या एएमडीवाल्यांनी मात्र ही हिंमत जपून करावी.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं. आणि कृपा करून घरच्या टॉवेलने पुसू नका 🙂 तंतू चिकटून बसतात. चष्म्याचं फडकं घ्या. नवी पेस्ट मधोमध वाटाण्यापेक्षा लहान ठिपका, बास. बोटाने पसरू नका, कूलर दाबला की ती आपोआप पसरते.

सातरस्ता

पेस्ट नवी पेठेत मिळंल ताई. एमएक्स-४ मागा. सुट्ट्या पुडीतली पांढरी देतील, ती घेऊ नका, वर्षात खडू होती.

हिशेबवाली (२१ एप्रिल, रात्री ११)

उघडला. लिहिताना अजून हात सुताचे आहेत.

कूलरच्या वरून काहीच दिसत नव्हतं, पंखा स्वच्छ. खुंट्या फिरवून उचलला आणि पंखा वेगळा केला, तर पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये अर्धा बोट जाडीचा नमदा. चिमटीने उचलला तर गोल चकतीसारखा अखंड निघाला. आणि त्याला थर होते! वर गुलाबी, त्याखाली पोपटी, मग मरून, सगळ्यात खाली पांढरा. चुलत सासरे शेजारी टॉर्च धरून उभे होते. त्यांनी ती चकती हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, “हा गुलाबी ह्या महिन्याचा. पोपटी दिवाळीआधीची ऑर्डर.” माझ्या कॉम्प्युटरमध्ये त्यांचं ऑर्डर बुक निघालं.

पेस्ट वाळून पापडासारखी झाली होती. पुसली, नवी लावली, कूलर बसवला, चालू केला, आणि आकडा विंडोज येईपर्यंत ९९! माझ्या पोटात गोळा आला. आधीपेक्षा वाईट. काय चुकलं?

खटका

बंद करा आधी. चारपैकी एक खुंटी बसलेली नाही, नव्वद टक्के हेच. कूलर एका कोपऱ्याने उचललेला राहतो आणि प्रोसेसरला नीट टेकतच नाही.

चारही खुंट्यांचे फेरे मूळ जागी आणा, मग तिरप्या रेषेत समोरासमोरच्या दोन दाबा, नंतर उरलेल्या दोन. प्रत्येकीचा ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. बोर्डच्या मागून बघता आलं तर चारही भोकांतून पांढरे पाय फाकलेले दिसतात. ताकद बरीच लागते, बोर्ड वाकतोय असं वाटेल, तेवढं चालतं. पेस्ट मात्र पुन्हा पुसून नव्याने लावा.

हिशेबवाली (२२ एप्रिल, दुपारी अडीच)

एक खुंटी खरंच नुसती टेकली होती. काल रात्री साडेबाराला पुन्हा केलं. चार वेळा टक्. चौथ्या टक् ला घरातले सगळे जागे झाले.

आत्ताचे आकडे, खोली ३८: रिकामं असताना ४७. नेहमीचं काम चालू असताना ५८ ते ६२. ९९ चं सेटिंग परत १०० केलंय. मुलाने हट्टाने स्ट्रेस टेस्ट (प्रोसेसरला पूर्ण ताकदीने राबवणारी चाचणी) लावली, तेव्हा ८१ ला जाऊन स्थिर राहिला. पंख्याचा आवाज आता येतो की नाही ते कळत नाही, खालच्या मागांत बुडून जातो. एक शंका: टेस्टच्या सुरुवातीला आकडा पटकन ८८ ला गेला आणि मग उतरला. ते काय?

खटका

ते बरोबर आहे. ६५ वॉट ही त्याची बसकी चाल. काम आलं की तो साधारण अर्धा मिनिट त्याच्या दुप्पट वॉट खायला मोकळा असतो, १३४ पर्यंत, मग ६५ वर येतो. तुमचा बोर्ड ती मर्यादा पाळतोय हे चांगलं, काही बोर्ड पाळत नाहीत. ह्या प्रोसेसरची वरची हद्द १०० आहे. तिथे पोचला की आधी स्वतःच वेग कमी करतो, तुमचा आकडा दोन सेकंदांनी उमटायचा तो त्यामुळे. तरीही उष्णता वाढत राहिली तर जीव वाचवायला बंद पडतो.

निवृत्त फिटर

४७ वजा ३८ म्हणजे ९. उत्तम. आता तो पुन्हा कपाटात घालू नका.

हिशेबवाली

नाही काका. टेबलावरच ठेवलाय, मागांच्या जिन्यापासून लांब. पुढच्या जाळीला आतून मच्छरदाणीचा तुकडा लावलाय, कुसं त्यावरच अडकतात आणि दर रविवारी हाताने निघतात.

चादर चुलत सासऱ्यांनी परत नेली. खाली १ तारखेपासून निळ्या टॉवेलची ऑर्डर सुरू होतेय. महिनाअखेरीला झाकण उघडून आत निळं काही दिसतंय का बघेन आणि इथेच लिहीन.