दुधाची दाढ किडली: भरायची, काढायची की पडेपर्यंत थांबायचं? तुमचे अनुभव सांगा

मुलगा साडेपाच वर्षांचा. खालची डावीकडची सगळ्यात मागची दाढ किडली आहे. परवा फणसपोळी चावताना एकदम कळवळला, तेव्हा बॅटरी मारून बघितलं तर खड्ड्यात शेंगदाण्याचं अख्खं साल बसलेलं. एका डॉक्टरांनी वरवर बघून सांगितलं, "पडणारच आहे, दुखलं तर सिरप द्या." दुसरे म्हणाले, रूट कॅनल करून स्टीलची कॅप, तीन फेऱ्या. आम्ही देवगडचे, ते डॉक्टर कणकवलीला. पावसात तीन फेऱ्या म्हणजे नवऱ्याच्या तीन रजा. सासूबाईंचं पालुपद सुरूच आहे: "अगो, दुधाचे दात ते, पडतलेच. पैशे कित्याक घालवतंस?"

ज्यांनी उपचार केले आणि ज्यांनी नाही केले, दोघांनीही लिहा. पुढे काय झालं ते मुख्य लिहा. डॉक्टरांची नावं नकोत.

कुडाळ, मुलगा आता अकरा वर्षांचा

ताई, आम्ही थांबलो होतो. हीच दाढ, हेच वय. महिनाभर अधूनमधून ठणकायची, मग एक दिवस दुखायचीच थांबली. आम्हाला वाटलं, सुटलो. आत नस मेली होती म्हणून दुखत नव्हतं, हे नंतर कळलं. काही दिवसांनी दाढेखालच्या हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पांढरट पुटकुळी आली. फुटायची, आठ दिवसांनी परत यायची. त्याला काही त्रास नव्हता, त्यामुळे आम्हीही मनावर घेतलं नाही.

गणपतीच्या आदल्या रात्री गाल सुजला आणि ताप चढला. घरात मुंबईची पंधरा माणसं, एकीकडे मोदकांचं सारण ढवळतेय, दुसरीकडे हा कोपऱ्यात गालाला हात लावून बसलेला. अँटिबायोटिक्सनी सूज उतरली, मग दाढ काढली. तेव्हा तो सहाचा होता. तिथे जागा धरून ठेवायला तारेची कडी बसवतात, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मागून येणारी कायमची दाढ पुढे सरकत आली. आता खरा दात यायची वेळ झाली तर त्याला जागाच नाही, तो जिभेच्या बाजूने डोकं काढतोय. पुढे तारा लावायला लागणार आहेत. सासूबाईंना एवढंच सांगा की दाढ पडायची असते तेव्हा पडू दे, आधी नको.

वेंगुर्ला, मुलगी नऊ वर्षांची

आमचं प्रकरण पुढच्या दातांचं. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवूनच झोपायची, माझीच चूक. तीन वर्षांची होईपर्यंत वरचे चारही दात कडेने खाऊन गेलेले. खुर्चीत बसायलाच तयार नाही, तर भरणार काय? बांबोळीच्या डेंटल कॉलेजात नेलं. त्यांनी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध बारीक ब्रशने टेकवलं. ना इंजेक्शन, ना मशीन, दोन मिनिटांत मोकळे. कीड बहुतेकदा जिथल्या तिथे थांबते, पण किडलेला भाग कोळशासारखा काळा होतो आणि तसाच राहतो. हे आधी सांगून सही घेतली होती. दर सहा महिन्यांनी परत लावायला जायचो.

मग काय, चुलत दिराच्या लग्नात एका आजींनी विचारलं, "चेडू मशेरी लावता काय गो?" मी हसले, पण घरी येऊन थोडी रडलेही. सातव्या-आठव्या वर्षी ते चारही पडले, नवे पांढरेशुभ्र आले. फोटो तेवढे काळ्या दातांचे राहिले. आता तीच ते बघून खिदळते.

चिपळूण परिसर, दातांची डॉक्टर

दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या की लोकांना वाटतं एक जण लुटतोय. कधी तसं असेलही. पण इथे मला वेगळंच दिसतं: पहिल्यांनी एक्सरे काढलाच नाही. तो न काढता "राहू दे"ही सांगता येत नाही आणि "रूट कॅनल करा"ही. कीड नसेपर्यंत पोचली आहे का, ते त्यातच कळतं. दुधाच्या दातावरचं आवरण पातळ असतं, बाहेर छोटासा ठिपका आणि आत पोकळी हे माझ्याकडे रोजचं आहे.

दुसरं म्हणजे दाढ कुठली ते बघा. पुढचे दात साधारण सहाव्या ते आठव्या वर्षी पडतात. मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारापर्यंत राहतात. साडेपाच वर्षांच्या मुलाला ही दाढ अजून पाच-सहा वर्षं वापरायची आहे. शिवाय तिच्या मागे सहाव्या वर्षी कायमची पहिली दाढ येते. ती कुठलाही दात न पडता गुपचूप येते, म्हणून आईवडील तिलाही दुधाची समजतात आणि "पडणारच आहे" म्हणून किडू देतात. मला सगळ्यात जास्त वाईट त्या दाढेचं वाटतं. ती एकदा गेली की परत नाही.

आपल्याआप रात्री ठणका लागत असेल, हिरडीवर पुटकुळी असेल, तर नुसतं सिमेंट भरून भागणार नाही. गोड-थंड लागल्यावर क्षणभर कळ येऊन जात असेल तर बऱ्याचदा साध्या उपायात काम होतं. आणि सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरत असेल, ताप असेल, गिळता येत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल. लवंगेचं तेल कापसाने हिरडीवर दाबून ठेवणारेही येतात. त्याने हिरडी भाजते हो.

गुहागर, अंगणवाडी सेविका

माझा अनुभव उलटा. पालक मुलाला घेऊन आले, "मॅडम, सगळे दात किडले." बघते तर वरून काळा थर, खड्डा कुठेच नाही. लोहाचं सिरप चालू होतं, त्याचे डाग. डॉक्टरांनी घासून काढले. तेव्हा काळं म्हणजे कीडच असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत आणि शाळेत तपासायला येते, ते दातही बघतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, एवढीच विनंती.

मालवण

दाढेचं म्हणाल तर चांगलं झालं, पण एक सांगते. इंजेक्शनने ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. आमच्या झिलाने परतीच्या एसटीत तो बधिर ओठ चावून चावून खाल्ला. त्याला मजा वाटत होती, मला वाटलं शेंगदाणे खातोय. रात्री ओठ हा एवढा, बोंबलासारखा लिबलिबीत. आम्ही घाबरून फोन केला तर डॉक्टर म्हणाले, चावल्याची जखम आहे, आठवड्या-दहा दिवसांत भरेल. भरली. पण बधिरपणा उतरेपर्यंत खायला देऊ नका आणि नजर ठेवा.

रत्नागिरी, बाबा

मुलगी सहा वर्षांची. दाढ खोल किडलेली, पण नस शाबूत, रात्रीचं दुखणं नाही. डॉक्टरांनी न कोरता, न बधिर करता कॅप बसवली. हॉल पद्धत म्हणतात. कीड आतच बंद करून टाकायची, अन्न मिळालं नाही की ती वाढत नाही. मला हे ऐकून घोळ वाटला होता. घाण आत ठेवून झाकण लावायचं? घरी येऊन वाचलं, मग पटलं.

आधी चार दिवस दाढांच्या फटीत छोटी रबरं अडकवली, जागा व्हावी म्हणून. एक रबर तिने चिकनबरोबर गिळलं, काही झालं नाही. मग डॉक्टरांनी मापाची स्टीलची टोपी सिमेंट भरून दाढेवर ठेवली आणि म्हणाल्या, "चाव जोरात." हिरडी पांढरी पडली, ही दोन मिनिटं रडली, संपलं. पंधरा दिवस चावताना ती बाजू उंच लागायची, मग आपोआप बसली. आम्हाला साडेतीन हजार पडले. वर्गात सगळ्यांना "माझा चांदीचा दात" दाखवून झालाय.

दापोली

सगळे करा करा म्हणतायत म्हणून लिहितो. आम्ही काहीच केलं नाही आणि काही बिघडलं नाही. पण मुलगा साडेनऊचा होता आणि दाढ पुढची होती. एक्सरेत खालचा दात वर आलेला दिसत होता. डॉक्टर स्वतःच म्हणाल्या, पैसे घालवू नका, फ्लोराइडची पेस्ट आणि दोनदा ब्रश. सात महिन्यांनी करवंदं खाताना दाढ हातात आली.

देवगड, धागा मीच काढला होता

सगळ्यांचे आभार, विशेषतः कुडाळच्या ताईंचे. तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. गणपतीचं ऐकल्यावर त्या गप्पच झाल्या.

काल कणकवलीला जाऊन एक्सरे काढला. कीड नसेच्या जवळ आहे, पोचलेली नाही. रूट कॅनल म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी सरळ विचारलं की हॉल पद्धतीची कॅप चालेल का. एक्सरे परत उजेडात धरून म्हणाले, चालेल, पण रात्री ठणका लागला तर लगेच यायचं, मग नसेचं काम करावं लागेल. म्हणजे तीनच्या दोन फेऱ्या झाल्या. रबरं कालच घातली. शनिवारी कॅप. दुसऱ्या बाजूला सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ हिरडीतून डोकावतेय, ती मला दिसलीच नव्हती. तिच्या खाचा पूर्ण वर आल्यावर भरून घ्यायच्या आहेत.

मुलाचा प्रश्न वेगळाच आहे. पडलेला दात आम्ही कौलांवर टाकतो. स्टीलचा पडला तर कौलांवर टाकायचा की भंगारवाल्याला द्यायचा?