अनुभव धागा: ऑक्टोबरच्या उन्हात पोरांना घेऊन कुठे गेलात?

सहामाही संपली, दिवाळीला अजून आठवडा आहे आणि घरात दोन पोरं एकमेकांच्या उरावर बसलीत. मॉल नको, रिसॉर्ट नको. ठाणे-नवी मुंबईतून सकाळी निघून जेवायला परत घरी, असं काय केलंत ते लिहा. फसलेलं असेल तर तेच आधी लिहा.

सुरुवात माझ्यापासून. गेल्या वर्षी आम्ही ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात पोचलो साडेदहाला. पाटोणपाड्याकडे चालताना धाकटी घामाने निथळत होती आणि 'घरी' एवढा एकच शब्द बोलत होती. वडे खाल्ले आणि परत आलो.

रानवाट
साडेदहाला येऊर म्हणजे तुम्ही उन्हाच्या भेटीला गेलात! आम्ही उजाडल्यावर लगेच, सातच्या आत गेटपाशी असतो. त्याआधी नको. तो बिबट्यांचा मुलूख आहे, पोरांना पुढे पळू द्यायचं नाही.

पाऊस सरला की तिथे जायंट वुड स्पायडरची जाळी दिसतात, दोन झाडांच्या मध्ये, पार माणसाच्या डोक्यावर. ऊन पडलं की धागा चक्क सोनेरी दिसतो. मधोमध बसलेली ती मादी, पायांसकट मोजली तर माझ्या तळहाताएवढी. मला कोळ्यांची शिसारी आहे, मी दहा पावलं मागे. लेक मात्र जाळ्याखाली मान वर करून उभी. म्हणाली, ''आई, याचा बाबा कुठाय?'' होता, त्याच जाळ्यात, कडेला. तांबूस, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. नवरा म्हणाला, ''बघ, आमची अवस्था.'' एवढ्यात मागून एक काका आले आणि काठीने ते जाळं बाजूला सारून निघून गेले. लेक दिवसभर त्यांच्यावर चिडलेली होती. मीही.

खाडीकाठ
आमचा फसलेला. 'फ्लेमिंगो दाखवतो' असं कबूल करून ऑक्टोबरात मुलाला ऐरोलीच्या खाडीकाठच्या जैवविविधता केंद्रावर नेलं, पक्षी बघायची बोट तिथूनच सुटते. ठाणे खाडीच्या अभयारण्याला 2022 मध्ये रामसर (म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला वगैरे सगळं पाठ करून गेलो होतो. पक्षी नोव्हेंबर उजाडल्यावर यायला लागतात, खरी गर्दी त्यानंतर, एवढं तेवढं वाचायचं राहिलं! बोटही भरती-ओहोटी बघून सुटते, आपल्या सोयीने नाही.

मुलगा रडकुंडीला आला. मग ओहोटीच्या चिखलात काहीतरी उडी मारताना दिसलं. निवट्या! मासा असून चिखलात दुडूदुडू चालतो, डोळे डोक्यावर. आणि शेजारी इवलेसे खेकडे, नराची एक नांगी केवढी तरी मोठी, ती वर-खाली हलवत बसलेले. ''बाबा, हे टाटा करतायत.'' तासभर आम्ही दोघं त्यांना टाटा करत होतो. फ्लेमिंगो जानेवारीत पाहिले, पण शाळेतल्या निबंधात निवट्याच आल्या.

घोडबंदरची
ओवळेकर वाडी, फुलपाखरांची बाग. रविवारी सकाळी गेलो होतो. फुलपाखरं उशिरा उठणाऱ्यांची आहेत हो! पंखांना ऊन लागल्याशिवाय हलत नाहीत, म्हणून नऊनंतर गेलं तरी चालतं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत तिथेच पहिल्यांदा नीट पाहिलं, काळं मखमली आणि निळं.

पण खरी मजा घरी आल्यावर. तिथे कळलं की कढीपत्त्यावर आणि लिंबावर फुलपाखरं अंडी घालतात आणि त्यांची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. लेकाने गॅलरीतल्या कुंडीची पानं उलटी करून पाहिली. दोन निघाल्या. मी वर्षभर 'कबुतराची घाण' म्हणून ओल्या फडक्याने काय काय पुसलं असेल! आता आमटीत कढीपत्ता कमी पडतो, कारण अळ्यांचा वाटा वेगळा ठेवावा लागतो.

बेलापूरचे आजोबा
कर्नाळ्याचा किल्ला. पनवेलहून जवळ. नातू सहा वर्षांचा, मी एकोणसत्तरचा, दोघं मिळून अर्ध्या वाटेपर्यंत. तो अंगठ्यासारखा सुळका खालूनच छान दिसतो. वर जाणाऱ्यांनी सेंट-अत्तर मारून जाऊ नये, आरडाओरडा करू नये, कड्याला मधमाश्यांची पोळी असतात. पाणी भरपूर न्या.

वाशीवाला
आम्ही कुठेच जात नाही, आम्ही किल्ला करतो. तोही बाहेरच असतो ना! सोसायटीत जागेवरून रुसवेफुगवे झालेच (टाइल्स खराब होतात म्हणे), शेवटी पार्किंगचा एक कोपरा मिळाला. दगड, विटांचे तुकडे आणि पोती गोळा करायला सहा पोरांची वरात सकाळी निघते, तीच सहल. माती नर्सरीतून. उतारावर हळीव पेरले की तीन-चार दिवसांत हिरवळ. गेल्या वर्षी राजगड केला होता. दुसऱ्या रात्री मांजर बालेकिल्ल्यावर झोपलं. पोरांनी पुनर्बांधणीला नकार दिला आणि मांजरालाच किल्लेदार नेमलं.

धागाकर्ती
वाचतेय, वाचतेय! येत्या रविवारी ओवळे ठरलं. खाडीकाठ, बोटीचं नोव्हेंबरअखेर बघते, भरतीची वेळ कुठे पाहायची ते सांगा. धाकटीने आत्ताच आमच्या कढीपत्त्याची कुंडी पालथी घातली. अळी नाही निघाली, दोन वर्षांपूर्वी हरवलेला चमचा निघाला.