मदत हवी आहे: प्राग ते व्हिएन्ना, वाटेत चेस्की क्रुमलोव की हालश्टाट?

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आम्ही दोघंच निघतोय, टूर कंपनी नाही. प्राग ते व्हिएन्ना थेट रेल्वेने साधारण चार तास. पण मधली खेडी न बघता नुसती शहरं पालथी घालणं म्हणजे पुरणपोळी टाकून कटाची आमटी पिणं!

ऑस्ट्रियातल्या हालश्टाटचा पेच असा की स्टेशन तळ्याच्या एका काठाला आणि गाव समोरच्या. गाडीतून उतरून छोट्या बोटीने पलीकडे जायचं. बोटी गाड्यांच्या वेळा बघूनच सुटतात, पण गाडी उशिरा आली तर? शिवाय पुढे व्हिएन्नाला जाताना आटनांग-पुखहाइमला गाडी बदलायची. ह्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे बॅगा चढवायची कसरत माझ्याकडे. बोटीत चढायला पायऱ्या आहेत की सरळ फळी? कोणी अलीकडे गेलं असेल तर नक्की सांगा.

चेस्की क्रुमलोव चेक देशातलं, व्लटावा नदीच्या वळणात वसलेलं, फोटोत तरी देखणं. पण गावभर दगडी फरसबंदी, म्हणजे चाकांच्या बॅगांचे हालच. तिथून हालश्टाटला शेअर व्हॅन जातात, त्यांचा कुणाला अनुभव?

मुक्काम ज्या देशात जास्त, तिथेच शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचा) अर्ज करायचा, त्यामुळे हे आधी ठरायला हवं. दोन्ही गावं करा असं म्हणणार असाल, तर व्हिएन्नातली कुठली गोष्ट कापू? शोनब्रुन राजवाडा सोडून बोला, तो ह्यांचा हट्ट आहे.