भिंतीचा उरलेला रंग कपाटांना नको

वर कुणीतरी सुचवलंय की भिंतीचा उरलेला इमल्शन कपाटांना आणि ओट्यालाही मारून टाका. कृपया नका करू. मी हा उद्योग करून बसलोय. रंग दिसायला वाळला, पण दार चौकटीला चिकटायचं. उघडताना 'चर्र' आवाज व्हायचा आणि कडेची साल निघून यायची.

कपाटांना इनॅमलच हवा, म्हणजे वाळल्यावर टणक थर होणारा रंग. तेलाचा इनॅमल टणक होतो, पण वास फार आणि पांढरा असेल तर काही वर्षांत पिवळट पडतो. म्हणून पांढऱ्यासाठी मी पाण्यावर चालणारा अल्किड (एक प्रकारची राळ) इनॅमल घेईन. चकाकी सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस; मॅटवर तेलकट बोटं उठतात आणि पुसून जात नाहीत.

खरं काम मात्र रंगाआधीचं. मुठीभोवतीचा तेलकट थर आधी डिग्रीजरने काढा, मग घासा. उलटं केलंत तर पॉलिश पेपर ते तेल आणखी आत रगडतो. लाकडाला १५० नंबर, शेवटी २२०. लॅमिनेट असेल तर फक्त चमक मरेपर्यंत घासून बाँडिंग प्रायमर (गुळगुळीत पृष्ठभागाला रंग धरून ठेवणारं अस्तर) मारा, नाहीतर रंग नखाने निघेल. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा बरे. आणि पूर्ण पक्का व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर दारं जपून.

ओट्याला यातलं काहीच चालणार नाही. तिथे दोन भागांचा इपॉक्सीच, म्हणजे राळ आणि हार्डनर एकत्र मिसळून लावायचा थर. तरी गरम पातेलं थेट ठेवायचं नाही, सुरी तर नाहीच.