वाचनालयाच्या माडीवरचं संग्रहालय: लोकांच्या घरच्या वस्तूंचं प्रदर्शन कसं करावं?

वाडीकर

नमस्कार मंडळी. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर छोटं स्थानिक इतिहास संग्रहालय आहे. दोन खोल्या, सहा काचेची कपाटं, एक अर्धवेळ माणूस. १८ मेच्या आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनाला धरून दहा दिवसांचं प्रदर्शन करायचंय, कारण तेव्हा चाकरमानी गावात असतात. लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू, फोटो, मोडी कागद आणावेत आणि त्यातूनच प्रदर्शन उभं राहावं, अशी कल्पना आहे. वस्तू ताब्यात कशा घ्यायच्या, मांडायच्या कशा, आणि कोणी तलवार किंवा नाणी आणली तर काय करायचं? बजेट पंचवीस हजारांच्या आतलं.

दप्तरदार

कल्पना चांगली आहे, पण वस्तू गोळा करणं आणि वस्तूंची नोंद करणं ही दोन वेगळी कामं आहेत. गफलत इथेच होते. लोक उत्साहाने हंडे-घंगाळं आणून ठेवतात, पावती कोणी देत नाही, आणि दोन वर्षांनी पुतण्या येऊन विचारतो, आमची समई कुठाय?

आधी एप्रिलमध्ये एक नोंदणी-दिवस ठेवा. त्या दिवशी वस्तू ठेवून घ्यायचीच नाही. लोकांनी आणायची, तुम्ही नोंद आणि फोटो करायचे, वस्तू त्यांच्याबरोबर परत. एका टेबलावर नोंद, दुसऱ्यावर फोटो. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं धरली तर सहा तासांत तीस-पस्तीस वस्तू होतात, त्याहून जास्त नाही. म्हणून टोकन आधीच वाटा. नोंदीत वस्तूचं घरात वापरलं जाणारं नाव, मापं मिलिमीटरमध्ये, कशाची बनलेली, कोणाकडून आली, कशासाठी वापरायचे, आणि आत्ता कुठे पोचा, चीर किंवा गंज आहे ते लिहा. फोटोत शेजारी पट्टी हवीच.

यातून वीस-पंचवीस वस्तू निवडा आणि तेवढ्यापुरत्याच उसन्या घ्या. उसनवारीचं पत्र दोन प्रतींत करा: वर्णन, फोटो, घेतल्याची आणि परतीची तारीख, दोघांच्या सह्या. उसन्या वस्तूंचे क्रमांक संग्रहालयाच्या कायम नोंदवहीत घालू नका, त्यांची वही वेगळी. क्रमांक वस्तूवर थेट रंगवू नका. धातूच्या वस्तूला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा, कापडाला फीत टाचा, कागदावर मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेन अजिबात नको.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या पुरातन वस्तू व कलासंपदा कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांपुढच्या वस्तू येतात, हस्तलिखितं आणि महत्त्वाचे दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांपुढचे. जुन्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या यांची नोंदणी लागते. मालकाकडे ती आहे का, विचारा. नाणी नांगरताना जमिनीत सापडली असतील तर १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली कलेक्टरना कळवावं लागतं, तेव्हा ती कपाटात ठेवायच्या फंदात पडू नका. तलवारीसाठी आधी पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करा.

काचकपाट

मांडणीबद्दल. पहिली सूचना निमंत्रणातच छापा: वस्तू घासून-पुसून आणू नका. चिंच-मिठाने चकचकीत केलेल्या तांब्यावरचा जुना थर गेला की तो परत येत नाही, कोरलेली नावंही झिजतात.

नवी प्लाय किंवा एमडीएफ वापरत असाल तर रंग देऊन किमान तीन आठवडे उघडी वाळू द्या. तिच्यातून आम्ल वाफा निघतात, त्याने शिशावर पांढरी भुकटी धरते. वस्तू आणि फळी यांच्यामध्ये पॉलिएस्टर फिल्म घाला. मखमल नको, रंग सोडते. धुतलेलं, स्टार्च काढलेलं मांजरपाट उत्तम.

कागद आणि कापडावर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर नको. मोबाइलच्या ॲपने ढोबळ अंदाज येतो. खिडक्यांना दुहेरी पडदा आणि दिवे कपाटाबाहेर. बंद कपाटातला दिवा आतली हवा तापवतो आणि कागद वाकडे होतात. जुने फोटो मात्र मूळ मांडूच नका: ६०० डीपीआयवर स्कॅन, टिफ फाइल, आणि छापील प्रत भिंतीवर. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून सोडवू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा.

मजकुराच्या पाट्या साठ-सत्तर शब्दांच्या आत, अक्षराचा आकार २४ पॉइंट. देवनागरीत ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांत घुसतात. पाटीचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटरवर.

घोटीव

मोडी कागदांबद्दल दोनच गोष्टी.

पाटीवर इसवी सन लिहिताना घाई करू नका. शक असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी दप्तरांतली कालगणना, मृगाला बदलतो: जून ते डिसेंबर ५९९, जानेवारी ते मे ६००. दख्खनी फसली या महसुली सनाला तसंच ५९० आणि ५९१. कागदावर सुहूर सन अरबी संख्यांच्या नावांत लिहिलेला असतो, तो शक समजून वाचला की पाचशे वर्षांचा घोळ होतो.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. वाटणीपत्रं, खोतीचे कागद, गहाणखतं मांडलीत तर भावकीतले वाद प्रदर्शनात येतील. सगळ्या वारसांची लेखी संमती नसेल तर ते कागद फक्त स्कॅन करून ठेवा. त्याऐवजी मनीऑर्डरच्या पावत्या, गिरणीतली ओळखपत्रं, बोटीची तिकिटं, नमन-खेळ्यांची हँडबिलं मांडा. गर्दी तिथेच होते.

दप्तरदार

@घोटीव, दुसऱ्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. एक भर: कुठल्याही कागदाला लॅमिनेशन किंवा सेलोटेप नाही, कितीही फाटलेला असो. आणि कागद हाताळताना हातमोजे नकोत, धुतलेले कोरडे हात हवेत. मोज्यांत कागदाची कड कळत नाही आणि फाटते. मोजे धातूसाठी, तेही नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे).

वाडीकर

खूप आभार सगळ्यांचे. नोंदणी-दिवस एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ठेवतो. आता दोन उपप्रश्न. कपाटात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवलं तर उसन्या वस्तू पावसाळाभर ठेवता येतील का? आणि वस्तूबरोबर वयस्कर मंडळींचं बोलणंही रेकॉर्ड करायचंय, मोबाइल पुरेल?

काचकपाट

नाही, ठेवू नका. सिलिका बंद, फटी नसलेल्या कपाटातच उपयोगी. तुमच्या कपाटांच्या सरकत्या काचांतून जुलैची हवा आत येतच राहणार, दाणे लगेच संपृक्त होणार. मग ते ओव्हनमध्ये शंभर-एकशेवीस अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा भरायचे, हे अर्धवेळ माणसाकडून होणार नाही. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की कागदावर, चामड्यावर बुरशी धरते. उसनं ते मृगाआधी परत. तुमच्या स्वतःच्या संग्रहासाठी डांबरगोळ्यांपेक्षा खेळती हवा बरी: कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पंखा रोज चालवा, दर आठवड्याला टॉर्च तिरपा धरून बुरशी तपासा.

दप्तरदार

मोबाइल पुरेल, पण कॉलर माइक घ्या. फोन फ्लाइट मोडवर, पंखा बंद, वेव्ह फॉरमॅट. एका बैठकीत पाऊण तास पुरे. "तेव्हा आयुष्य कसं होतं?" असा प्रश्न विचारलात की भाषण मिळतं. पायली हातात देऊन "हिच्यात किती शेर मावायचे, कोण मोजायचं?" असं विचारा. सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि रेकॉर्डिंग कुठे वापरणार त्याची संमती त्यांच्याच आवाजात घ्या, वर सही वेगळी. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास तरी जातात, तेव्हा दहा दिवसांसाठी चार-पाच मुलाखतीच धरा. प्रती तीन, त्यातली एक वाचनालयाच्या बाहेर.