मदत हवी आहे: लेकीला गोल्फ मॅनेजमेंट शिकायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही मिशिगनमध्ये राहतो. लेकीला बिग रॅपिड्सच्या फेरिस स्टेट युनिव्हर्सिटीत गोल्फ मॅनेजमेंटला, म्हणजे गोल्फ क्लब चालवायचं शिकायला, जायचंय. अमेरिकेत हा पीजीएचा (व्यावसायिक गोल्फवाल्यांच्या संघटनेचा) अभ्यासक्रम सर्वात आधी तिथेच, १९७५ मध्ये सुरू झाला. शिक्षणाबरोबर १६ महिन्यांची इंटर्नशिप असते, शिवाय गोल्फ खेळून दाखवायची परीक्षा. त्याची मला धास्ती नाही, ती खेळेल.

गेल्या उन्हाळ्यात एका क्लबवर काम करायची. पहाटे पाचला जायची, दुपारी बुटांना कापलेलं गवत चिकटलेलं आणि चेहरा फुललेला! हौस खरी आहे. पण पुढे काय? सुरुवातीला पगार किती मिळतो? बर्फात गोल्फचं मैदान बंद असतं तेव्हा हे काम करणारी मंडळी काय करतात? शनिवार-रविवार तर कामाचेच असणार.

तुमच्या ओळखीत कुणी हे शिकलंय का? लेकीशी दहा मिनिटं बोलले तरी फार मदत होईल.