ठिपके आधी की सूत्र आधी?

कृष्णाकाठ, सांगली
सूत्र पाठ करून घेण्याआधी मुलांना ठिपके मांडू द्यावेत, हे माझं ठाम मत. ‘7 ते 4’ची रांगोळी घ्या. मधली ओळ 7 ठिपक्यांची, वर-खाली 6, 5, 4. एकूण 37. मधल्या ठिपक्यापासून एकेका कड्यापर्यंत मोजलं तर 1, 7, 19, 37. आता यांचीच बेरीज करत चला: 1, 8, 27, 64. सगळे घन! कारणही हाताला लागतं. 64 ठोकळ्यांचा 4×4×4 घन रचा आणि एका कोपऱ्यातला 3×3×3 चा भाग काढून घ्या. उरतात तीन भिंती, 37 ठोकळे. तिन्ही भिंती मिळतात त्या कोपऱ्यासमोर डोळा धरा, आकार षटकोनी दिसतो.

अजिंक्यतारा, सातारा
पटत नाही. चित्रात चार आकडे जुळले की पोरं पाचवा ठोकून देतात. वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडा, भाग मोजा: 1, 2, 4, 8, 16. सहा बिंदूंना सगळा वर्ग 32 म्हणतो. येतात 31. तुमच्या रांगोळीचं उत्तर n³ − (n−1)³ = 3n(n−1) + 1 या एका ओळीत आहे (n म्हणजे षटकोनाच्या एका बाजूवरचे ठिपके, ‘7 ते 4’ला 4), आणि ते कुठल्याही n ला चालतं.

कृष्णाकाठ, सांगली
31 का, हेही चित्रच सांगतं. सुरुवातीला 1 भाग. प्रत्येक रेघ एक भाग वाढवते, आतला प्रत्येक छेद आणखी एक. सहा बिंदूंना 15 रेघा, 15 छेद. 1+15+15. मात्र बिंदू कंपासने समान अंतरावर घेऊ नका. तीन लांब रेघा केंद्रात एकत्र येतात, तीन छेदांचा एक होतो, त्यांच्यामधला एक त्रिकोणी भाग नाहीसा होतो आणि 30 च भाग भरतात. गफलत बहुतेक तिथेच होते.

माणदेशी
मी सातारकरांच्या बाजूने. चौकटीच्या कागदावरचा 8×8 चौरस कापून 5×13 चा आयत जुळवतात, 64 चे 65 होतात. कर्णावर जेमतेम मिलिमीटरभर फट असते, एक सेंटिमीटरच्या चौकटीत ती कात्रीच्या कापात लपते. तुकड्यांच्या तिरप्या कडांचे चढ 2/5 आणि 3/8 वेगळे आहेत, हे आकडेमोडीनेच कळतं.

अजिंक्यतारा, सातारा
छेदांचं मान्य, ती मोजणी पक्की आहे. पण ‘15 ते 8’च्या रांगोळीत 169 ठिपके, म्हणजे 13 चा वर्ग. मधल्या 7, 19, 37, 61, 91, 127 मध्ये एकही वर्ग नाही. हा 13 रांगोळीत कुठे दिसतो, ते दाखवा.